कंबर मोडते, श्वास अडतो

अकोल्यातल्या अतिदक्षता विभागांच्या दाराशी अपघातग्रस्तांचे नातेवाईक बसलेले असतात. डॉक्टर बाहेर आले की एक प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, मार त कमरेले लागला, मंग नळी घशात कायले टाकली?" प्रश्न अगदी रास्त आहे. दुचाकीवरून पडलेल्या माणसाची कंबर मोडली, रक्त गेले, दोन दिवसांत तो सावरला, बोलू लागला, आणि तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली. छातीला तर ओरखडाही नव्हता. मग हे झाले कसे? घाईगर्दीच्या विभागात याचे उत्तर निवांतपणे सांगायला कुणाला सवड नसते. पण कमरेचे हाड आणि फुप्फुस यांचा संबंध घट्ट आहे, आणि तेल्हाऱ्यासारख्या तालुक्यात, जिथून मोठे रुग्णालय दूर पडते, तिथे तो अधिकच जीवघेणा ठरतो.

पेल्व्हिस म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे. मागे त्रिकास्थी, दोन्ही अंगांना खुब्यांची रुंद हाडे आणि पुढे त्यांना जोडणारा सांधा. हे कडे सहसा एकाच जागी तुटत नाही. पुढे मोडले की मागे कुठेतरी सांधा उसवलेला असतोच. तरुण माणसाचे हे हाड मोडायला प्रचंड जोर लागतो, आणि तो जोर फक्त कमरेवर थांबत नाही. बरगड्या, पोट, डोके, मांडीचे हाड यांतले काही ना काही सोबत दुखावलेले असते. कड्याच्या आतल्या अंगाला शिरांचे दाट जाळे आहे. बहुतेक रुग्णांत रक्त वाहते ते या शिरांतून आणि मोडलेल्या हाडाच्या कडांतून. मोठी धमनी फाटण्याचे प्रमाण त्या मानाने कमी. पोटामागच्या जागेत काही लिटर रक्त मुरते आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. माणूस पांढरा पडत जातो आणि आसपासचे म्हणतात, मुका मार आहे.

तेल्हारा, हिवरखेड, अडसूळ, बेलखेड या भागात असा मार बसण्याची कारणे शेतीच्या दिनक्रमातच आहेत. उलटलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्या कडेवर बसलेले मजूर, बकऱ्यांसाठी पाला तोडताना लिंबाच्या झाडावरून घसरलेला पाय, खोल विहिरीच्या कामावर तुटलेला दोर, घराच्या स्लॅबवरून तोल गेलेला गवंडी. आणि सगळ्यांत जास्त, दुचाकी. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते. म्हातारपणी मात्र एवढा जोर लागत नाही. न्हाणीत पाय घसरला तरी ठिसूळ झालेले हाड चिरते. अशा आजीला रक्तस्राव बेताचा होतो, पण खाटेवर पडून राहिल्याने आठवड्याभरात न्यूमोनिया गाठतो. दोन्ही रुग्णांच्या कागदावर निदान एकच लिहिलेले असते, वाटा मात्र पूर्ण वेगळ्या.

या लेखाचे म्हणणे एकच आहे. फुप्फुसाची दुर्दशा अतिदक्षता विभागात दिसते, पण तिची बरीचशी तयारी त्याआधी झालेली असते. माणसाला उचलले कसे, किती तासांनी पोचवले, रस्त्यात किती सलाईन चढवले, हाड कधी जखडले, गुठळी रोखणारे इंजेक्शन कधी सुरू केले, यांत ती ठरत जाते. व्हेंटिलेटर पुष्कळदा या सगळ्यांचा हिशेब मांडायला उरतो.

वाटेपासून सुरुवात करावी लागते ती म्हणूनच. तेल्हाऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. पण सीटी स्कॅन, भरपूर रक्त, हाडांचे शल्यविशारद आणि व्हेंटिलेटर एकत्र मिळायचे तर अकोला गाठावे लागते, जिथे २००२ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे. अकोटमार्गे जाणारा रस्ता गांधीग्रामला पूर्णा नदी ओलांडतो. तिथला ब्रिटिशकालीन पूल तडे गेल्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहतुकीला बंद करावा लागला, आणि उत्तरेकडच्या गावांची अकोल्याशी असलेली सरळ वाट तुटली. त्याच वर्षी जूनमध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम झाला होता. विक्रमाचे कौतुक व्हायलाच हवे. पण जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या जखमी माणसाला महामार्गाला लागण्याआधीच्या रस्त्यांचाच सामना करावा लागतो. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात, आणि प्रत्येक हादऱ्यानिशी मोडलेल्या कड्याची टोके एकमेकांवर घासतात. नुकती धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका जानेवारी २०१४ पासून धावते. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत सुविधांच्या होत्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा अशी रचना होती. ही मोठीच सोय. तरीही खेड्यात पहिली गाडी बहुतेकदा शेजाऱ्याची असते, छोटा हत्ती किंवा ऑटो. उचलणारे चौघे हातापायांना धरतात, कंबर मध्ये लोंबते आणि उघडलेले कडे आणखी उघडते. खरे तर इथे लागणारे साधन प्रत्येक घरात आहे. घडी केलेली चादर, दुपट्टा किंवा लुगडे कमरेला नव्हे, त्याहून खाली, मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडाच्या पातळीवर घट्ट आवळायचे, दोन्ही गुडघे आणि पावले एकत्र बांधायची, आणि माणसाला कुशीवर न लोळवता फळीवर किंवा खाटेवर सपाट ठेवून न्यायचे. रुग्णालयांतला पेल्व्हिक बाइंडर नावाचा पट्टा हेच काम करतो. कड्याचा आवाका लहान झाला की रक्त साठायला जागा कमी उरते आणि हाडाच्या टोकांची हालचालही थांबते.

आता रक्त आणि फुप्फुस यांचा सांधा. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या अॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांची हकिकत छापली. कुणाला अपघात, कुणाला न्यूमोनिया, कुणाला स्वादुपिंडाचा दाह. पण सगळ्यांची फुप्फुसे एकाच रीतीने ताठ झाली होती, एक्स-रेवर दोन्ही बाजू पांढऱ्या, आणि ऑक्सिजन कितीही दिला तरी रक्तात उतरत नव्हता. त्याच सुमारास व्हिएतनामच्या लढाईतल्या जखमी सैनिकांत हेच दिसत होते आणि लष्करी डॉक्टर त्याला दा नांगचे फुप्फुस म्हणू लागले होते. आज या अवस्थेला एआरडीएस म्हणतात. २०१२ च्या बर्लिन व्याख्येनुसार ती इजेनंतर आठवड्याच्या आत येते, आणि रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबाचे दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनशी असलेले गुणोत्तर ३०० च्या खाली जाते. निरोगी माणसात ते चारशेच्या वर असते. १०० च्या खाली गेले की आजार तीव्र.

मार कमरेला आणि पाणी फुप्फुसात, हे घडते ते असे. रक्तदाब खूप वेळ पडलेला राहिला की शरीरभरच्या पेशींची उपासमार होते आणि जखमी ऊती रक्तात दाहकारक द्रव्ये सोडतात. पांढऱ्या पेशी चवताळतात. शरीरातले जवळजवळ सगळे रक्त फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतूनच जाते, म्हणून या पेशी तिथे अडकतात आणि वायुकोशांभोवतीचे नाजूक अस्तर खरवडतात. अस्तर झिरपू लागले की रक्तातला द्रव वायुकोशात उतरतो. अशा वेळी लिटरच्या लिटर सलाईन चढवले असेल तर तो ओघ वाढतो. सलाईन रक्त पातळ करते, थंड करते, गोठण्याची ताकद घटवते; रक्तस्राव लांबतो, मग आणखी सलाईन. म्हणून गेल्या दोन दशकांत अपघाताच्या उपचारांत वारे उलट फिरले. सलाईन मोजून, रक्त आणि प्लाझ्मा लवकर. पण रक्तही निर्धोक नाही. दात्याच्या प्लाझ्मातल्या प्रतिपिंडांमुळे सहा तासांच्या आत फुप्फुस सुजण्याची घटना क्वचित का होईना घडते, आणि पिशव्यांची संख्या वाढेल तसा एआरडीएसचा धोकाही वाढतो. उत्तम उपाय म्हणजे कमी पिशव्या लागाव्यात असा उपाय, आणि तो म्हणजे रक्त लवकर थांबवणे.

इथे एक स्वस्त औषध मोलाचे ठरले आहे. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतले २०,२११ जखमी होते, आणि भारतीय रुग्णालयांचा त्यात मोठा वाटा होता. औषध मिळालेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, न मिळालेल्यांत १६. फरक लहान वाटतो, पण लाखांनी जखमी होणाऱ्या देशात तो हजारो माणसांचा आहे. पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात खरा धडा निघाला. इजेनंतर पहिल्या तीन तासांत दिले तर फायदा, तीन तासांनंतर दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले. तेल्हाऱ्याहून निघालेल्या माणसासाठी याचा अर्थ उघड आहे. ही एक ग्रॅमची मात्रा अकोल्याची वाट न पाहता पहिल्याच रुग्णालयात, दहा मिनिटांत द्यायची आहे, आणि चिठ्ठीवर वेळ लिहायची आहे.

दुसरी वाट चरबीची. हाडाच्या पोकळीतला मगज मुख्यतः चरबीचा असतो. हाड मोडले की त्याचे थेंब फाटलेल्या शिरांतून रक्तात शिरतात आणि फुप्फुसांत जाऊन बसतात. १८६२ मध्ये झेंकर या जर्मन वैद्याने चेंगरून मेलेल्या एका रेल्वे कामगाराच्या फुप्फुसांत असे थेंब पाहिले. १८७३ मध्ये फोन बर्गमान याने जिवंत रुग्णात हे निदान केले. मांडीचे हाड आणि पेल्व्हिस मोडलेल्या बहुतेकांच्या रक्तात थोडी चरबी जातेच, आणि बहुतेकांना काही होत नाही. काहींना मात्र २४ ते ७२ तासांत धाप लागते, ते बरळू लागतात, आणि काखेत, छातीवर, डोळ्यांच्या पापण्यांच्या आत बारीक लाल ठिपके उमटतात. हे ठिपके थोडाच वेळ टिकतात. शुद्धीत आलेला माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला की घरचे म्हणतात, औषधाची गुंगी असेल, आणि कधी कधी कर्मचारीही तसेच समजतात. चरबी विरघळवणारे औषध नाही. स्टेरॉइडवर वर्षानुवर्षे वाद झाले, पण निर्विवाद पुरावा मिळाला नाही. ऑक्सिजन, गरज पडल्यास व्हेंटिलेटर, आणि हाड लवकर स्थिर करणे, एवढेच हाती आहे. ज्यांचे फुप्फुस आठवडाभर सांभाळले जाते त्यांतले बरेच जण पूर्ण बरे होतात.

याच ठिकाणी विदर्भाची एक स्वतःची गोष्ट येते, जी परदेशी पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपते. सिकल सेल. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकल सेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू व्हायला जुलै २०२३ उजाडावा लागला. विदर्भातल्या आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या समाजांत हा आजार आणि त्याचे वाहक पुष्कळ आहेत. तेल्हारा आणि अकोट तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा आहे, आणि मेळघाटातून पुनर्वसित झालेली काही कोरकू गावेही याच पट्ट्यात वसली आहेत. सिकलच्या रुग्णाची कंबर मोडली, रक्तदाब पडला, ऑक्सिजन घटला, तर लाल पेशी कोयत्यासारख्या वाकून फुप्फुसातल्या वाहिन्या तुंबवतात. हाडातला मगज मरून त्याची चरबीही सुटते. छातीचा हा तीव्र विकार एक्स-रेवर न्यूमोनियासारखा किंवा एआरडीएससारखा दिसतो, पण उपचार निराळा आहे. रक्त बदलण्यापर्यंत जावे लागते. साध्या विद्राव्यता चाचणीला काही मिनिटे आणि थोडे पैसे लागतात. वऱ्हाडात हाड मोडून आलेल्या प्रत्येक तरुण रुग्णाची ही चाचणी रक्तगटासोबतच, आणि रक्त चढवण्याआधी, व्हायला हवी.

तिसरा शत्रू गुठळी. रक्तप्रवाह मंदावणे, वाहिनीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची त्रिसूत्री फिर्शोच्या नावाने दीडशेहून अधिक वर्षे शिकवली जाते, आणि कंबर मोडलेल्या माणसात तिन्ही गोष्टी एकदम हजर असतात. कॅनडात गीर्ट्स आणि सहकाऱ्यांनी प्रतिबंधक औषध न मिळालेल्या ३४९ जखमींच्या पायांच्या शिरांची रंगद्रव्य सोडून तपासणी केली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा शल्यविशारद चकित झाले. ५८ टक्के जखमींत गुठळ्या होत्या. पेल्व्हिस मोडलेल्यांत ६१ टक्के. बहुतेकांना पाय दुखलाही नव्हता, सुजलाही नव्हता. यातली एखादी गुठळी सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या धमनीत अडकली की माणूस शौचाला उठताना किंवा खाटेवरून खुर्चीत बसवताना कोसळतो.

आपल्याकडे प्रदीर्घ काळ असे मानले गेले की भारतीयांना या गुठळ्या होतच नाहीत. तपासणी कमी होत असे, म्हणून सापडत कमी. एन्डोर्स या जागतिक पाहणीतल्या भारतीय रुग्णालयांत असे दिसले, की गुठळीचा धोका असलेल्या पाच रुग्णांपैकी एकालाही शिफारशीप्रमाणे प्रतिबंधक उपचार मिळत नव्हता. परिस्थिती त्यानंतर सुधारली आहे, पण कोंडी खरी आहे. रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन लवकर दिले तर पोटामागचा रक्तस्राव उसळेल, उशिरा दिले तर गुठळी होईल. आजची सर्वसाधारण रीत अशी, की रक्तस्राव थांबून हिमोग्लोबिन स्थिर झाले की २४ ते ४८ तासांत एनॉक्सापॅरिन सुरू करायचे आणि तोवर पायांना हवा भरणाऱ्या पिशव्या लावायच्या. मोठ्या शिरेत जाळी बसवण्याचा उपाय आकर्षक वाटतो. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात २४० गंभीर जखमींवर तो तपासला गेला, तेव्हा सरसकट लवकर जाळी बसवून मृत्यू किंवा फुप्फुसातली गुठळी कमी झाली नाही. ज्यांना आठवडा उलटला तरी इंजेक्शन देता आले नव्हते, त्या थोड्यांना तेवढा उपयोग दिसला.

इथेही वऱ्हाडाची जमीन मध्ये येते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तेल्हारा तालुक्यालाही लागून आहे, आणि खाऱ्या पाण्याच्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. एनॉक्सापॅरिन मूत्रपिंडातूनच बाहेर जाते. क्रिएटिनिन न पाहता नेहमीची मात्रा दिली तर औषध साठत जाते आणि रक्तस्राव होतो. रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन, पडलेला रक्तदाब आणि आधीच अशक्त मूत्रपिंड एकत्र आले की लघवी बंद पडते, आणि न निघालेले पाणी पुन्हा फुप्फुसांवर येते.

उरते ते साधे, कंटाळवाणे आणि सगळ्यांत जास्त माणसांना गाठणारे संकट, पडून राहण्याचे. उताणे झोपल्यावर फुप्फुसांत उरणारी हवा तशीही घटते. त्यात पोट फुगलेले, श्वासपटल वर ढकललेले, मोडलेल्या बरगडीची कळ, आणि कुशीवर वळायचे म्हटले की कमरेतून जीव जातो. माणूस वरवरचे, उथळ श्वास घेतो आणि खोकणे टाळतो. फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे कफ साचतो, त्यात जंतू वाढतात. ज्याने वीस वर्षे बिडी ओढली किंवा जिने चुलीच्या धुरात भाकरी भाजली, त्यांच्यात हे फार वेगाने होते. वेदनाशमन ही इथे चैनीची गोष्ट नाही. कळ थांबली तरच माणूस खोकतो.

नळी घालण्याची वेळ आली की विदर्भातल्या भूलतज्ज्ञापुढे आणखी एक अडचण उभी राहते. खर्रा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यांवर मिळतच राहिला. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर ताठ होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. विशी-तिशीतल्या मुलाच्या तोंडात दोन बोटे जात नाहीत. रक्तदाब पडलेला, ऑक्सिजन घसरतो आहे, आणि नळी घालायला तोंड उघडत नाही. नाकातून दुर्बिणीने नळी सरकवायची किंवा गळ्याला छेद द्यायचा, एवढेच पर्याय उरतात, आणि त्या धांदलीत उलटी श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनियाची बीजे तिथेच पडतात.

नळी घातल्यावर ४८ तासांनंतर होणाऱ्या न्यूमोनियाविरुद्धचे उपाय साधे आहेत. खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर ठेवणे हा त्यांतला पहिला. बार्सिलोनात १९९९ मध्ये ८६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत अर्धवट बसवलेल्यांत न्यूमोनियाची शंका ८ टक्क्यांना, सपाट झोपवलेल्यांत ३४ टक्क्यांना आली. कंबर अस्थिर असेल तर माणसाला कमरेत वाकवता येत नाही. तेव्हा सबंध खाट तिरकी करून डोक्याची बाजू उचलायची. तोंडाची स्वच्छता, रोज गुंगी थांबवून जागे करून पाहणे, नळी लवकर काढता येईल का हे रोज विचारणे, हात धुणे. यातले काहीही महाग नाही. पण एका परिचारिकेकडे किती खाटा आहेत यावर हे सगळे अवलंबून असते, आणि यंत्रखरेदीच्या बातम्यांत हा आकडा कधी येत नाही.

नातेवाइकांचाही इथे वाटा आहे. तीन गोळ्यांचे श्वासाचे यंत्र बहुतेक रुग्णांच्या उशाशी असते आणि पुष्कळ जण त्यात फुंकर मारतात. ते ओढायचे असते, सावकाश, आणि गोळी वर थोडी धरून ठेवायची असते; जागेपणी तासाला दहा वेळा. सपाट झोपलेल्या, गुंगीतल्या माणसाला प्रेमाने चमच्याने पातळ वरण भरवले जाते आणि ते श्वासनलिकेत उतरते. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी, वऱ्हाडीत, समजावून सांगितले पाहिजे.

व्हेंटिलेटरचे शास्त्र मात्र अलीकडच्या दशकांत फार बदलले. पूर्वी मोठे श्वास देत. २००० मध्ये अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीने दाखवले की वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. हे वजन खाटेवरचे नाही, उंचीवरून काढलेले. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला ते ६६ किलो धरले जाते, म्हणजे एका श्वासात साधारण ४०० मिलिलिटर. कंबर मोडलेल्या माणसाची उंची उभी करून मोजता येत नाही, म्हणून ती अंदाजाने लिहिली जाते आणि अंदाज बहुधा जास्तीचा निघतो. मोजपट्टी लावून मोजलेली उंची हा अतिदक्षता विभागातला सर्वांत स्वस्त प्राणरक्षक उपाय म्हणावा लागेल. तीव्र एआरडीएसमध्ये रुग्णाला दिवसातले किमान १६ तास पालथे ठेवण्याचा उपायही परिणामकारक ठरला. २०१३ च्या फ्रेंच चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. पण कमरेतून लोखंडी सळया बाहेर आलेल्या माणसाला पालथे कसे करायचे? अनुभवी चमू उशा रचून, सळयांना जागा ठेवून ते करतात. नवख्या विभागात कुणी धजावत नाही.

म्हणूनच हाड कधी बसवायचे, हा वाद फुप्फुसाचाही आहे. जुनी समजूत अशी होती की गंभीर जखमीला शस्त्रक्रिया सोसणार नाही, आधी सावरू द्या. मग तो आठवडेच्या आठवडे ट्रॅक्शनला टांगलेला राही. १९८९ मध्ये डॅलसच्या बोन आणि सहकाऱ्यांनी मांडीचे हाड मोडलेल्या १७८ रुग्णांत २४ तासांच्या आत आणि ४८ तासांनंतर केलेल्या शस्त्रक्रियांची तुलना केली, तेव्हा अनेक इजा असलेल्यांत उशिराच्या गटाची फुप्फुसे जास्त बिघडली. मग 'सगळे पहिल्याच दिवशी' अशी लाट आली, आणि लांबलेल्या शस्त्रक्रियांनीच काहींची फुप्फुसे ढासळू लागली. जर्मनीतल्या पापे यांच्यासारख्या शल्यविशारदांनी मधला मार्ग मांडला, की प्रकृती नाजूक असेल तर बाहेरून सळयांनी हाड जखडा आणि खरी शस्त्रक्रिया काही दिवसांनी करा. क्लीव्हलंडच्या व्हॅलिअर यांनी पेल्व्हिसच्या सहाशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास करून लवकर बसवलेल्या हाडांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढे लॅक्टेट ४ च्या खाली व रक्ताची आम्लता आटोक्यात आली की ३६ तासांच्या आत हाड बसवावे असा निकष सुचवला. तेल्हाऱ्याहून आलेल्या रुग्णाला हा निकष लावताना अडचण घड्याळाची असते. छत्तीस तासांतले बरेच तास गावात, वाटेत, दुसऱ्या रुग्णालयात आणि कागदपत्रांत गेलेले असतात. पेल्व्हिसची अवघड शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद नागपूरला असेल तर आणखी एक प्रवास, आणि आता नळी घातलेल्या माणसाचा.

आपल्या भागात यातले नेमके किती रुग्ण कशाने दगावतात, हे सांगणारी जखमींची कायम नोंदवही जिल्हापातळीवर हवी आहे. मुंबईच्या केईएम आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासह देशातल्या चार मोठ्या रुग्णालयांनी मिळून अशी नोंद ठेवली, तेव्हा २०१६ मध्ये कळले की दाखल जखमींतले साधारण एक-पंचमांश महिन्याभरात रुग्णालयातच मरतात. ही शहरांतली, सुसज्ज रुग्णालये. नोंद झाली म्हणून प्रश्न विचारता आले. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या रुग्णालयांत अशी नोंद सुरू करायला संगणक आणि एक प्रशिक्षित माणूस पुरतो.

पैशाची बाजू अलीकडे थोडी हलकी झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. पण फुप्फुसांची गुंतागुंत सात दिवसांत क्वचितच आटोपते. ती तिसऱ्या दिवशी सुरू होऊन तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. शिवाय लिंबावरून किंवा विहिरीत पडलेला माणूस रस्ते अपघाताच्या व्याख्येत बसत नाही.

घरी गेल्यावरही काही आठवडे धोका टळत नाही. रक्त पातळ ठेवणारे औषध चार आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवावे लागते, आणि रोजचे इंजेक्शन देणारा माणूस प्रत्येक गावात नसतो. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि कॅनडातल्या १२,२११ रुग्णांच्या चाचणीत, हातापायांची किंवा पेल्व्हिसची हाडे मोडलेल्यांत साधी अॅस्पिरिनची गोळी मृत्यू रोखण्यात इंजेक्शनाइतकीच चांगली ठरली; ९० दिवसांतले मृत्यू ०.७८ आणि ०.७३ टक्के. पायातल्या गुठळ्या गोळीच्या गटात किंचित जास्त होत्या. अतिदक्षता विभागातल्या अतिगंभीर रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, पण तेल्हाऱ्याला परतलेल्या, चालू लागलेल्या माणसासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही वाट मोकळी झाली आहे. सुट्टीच्या कागदावर टाके आणि फिजिओथेरपीच्या तारखांसोबत तीन ओळी ठळक मराठीत छापलेल्या हव्यात. अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा एकच पाय सुजला, तर १०८ ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठायचे, आणि तिथे पोचल्यावर सगळ्यात आधी सांगायचे की दोन महिन्यांपूर्वी कंबर मोडली होती.